माझ्या आडनावाचा भुंगेरा

भुंगेऱ्यांवर काम करते असं सांगितलं की आमच्या रत्नागिरीत पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "आंब्याला लागतो का?" लागत नाही म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो. मग "काजूला?" काजूलाही नाही. "मग कशाला लागतो?" कशालाच लागत नाही हो. तो जमिनीवर पळतो, अळ्या आणि बारक्या गोगलगायी खातो आणि दिवसा दगडाखाली झोपतो. एवढं ऐकलं की लोक विषय बदलतात. जिला साधी फवारणी सांगता येत नाही अशा प्राणिशास्त्राच्या बाईचा उपयोग काय, हे त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसतं.

मी इथल्या एका कॉलेजात शिकवते. शिकवते म्हणजे झुरळ, गांडूळ आणि परीक्षेला येणारं बाकीचं सगळं. माझं स्वतःचं काम वेगळं, आणि ते मी सुट्टीत, रविवारी, घरचं आवरून उरलेल्या वेळात केलं. जमिनीवर पळणाऱ्या भुंगेऱ्यांचं एक भलंमोठं कूळ आहे, कॅराबिड म्हणतात त्यांना. आशियातल्या त्यांच्या कितीतरी जाती अशा आहेत की त्यांच्याबद्दल जगाला एवढंच ठाऊक आहे: शे-दीडशे वर्षांपूर्वी कुण्या साहेबाने एक किडा उचलला, टाचणीला लावला, बोटीने युरोपात धाडला आणि त्याच्यावर तीन ओळी लिहिल्या. तो किडा कुठे राहतो, कधी दिसतो, अजून आहे की संपला, ते पुन्हा कुणी बघितलं नाही. आपल्या दारातल्या किड्याची ओळख पटवायला परदेशातल्या कपाटाचं दार ठोठावायचं, असं हे काम आहे.

या कामात एक गोष्ट मात्र मोलाची असते. नवीन जात ओळखून तिचं वर्णन छापलं, नाव दिलं, की त्या नावामागे नाव देणाऱ्याचं आडनाव लागतं आणि ते कायमचं राहतं. जगात कुठेही, कधीही, कुणीही त्या किड्याबद्दल लिहिलं तरी तुमचं आडनाव त्याच्यामागून चालत येतं. मला एवढंच हवं होतं. प्रमोशन नको, पारितोषिक नको. एका तरी भुंगेऱ्यामागे माझं नाव लागावं, हा वेगळा आहे हे हिने ओळखलं एवढं चार जाणत्यांनी मानावं. ही इच्छा मी घरी कधी बोलले नाही, कारण घरी हसले असते. बोलले होते फक्त सरांपाशी.

सर म्हणजे माझे पीएचडीचे मार्गदर्शक, पुण्याचे. लग्न होऊन, मुलगी शाळेत जायला लागल्यावर मी त्यांच्याकडे नाव नोंदवलं तेव्हा बाकीचे म्हणाले, संसारी बाई आहे, अर्ध्यात सोडेल. सर म्हणाले, बघू. त्या 'बघू'वर मी कित्येक वर्षं काढली. एसटीने रात्रभर जायचं, त्यांच्या प्रयोगशाळेत दिवसभर बसायचं आणि परत यायचं. हात त्यांनी शिकवला. वाळलेला किडा कोमट पाण्यात कसा मऊ करायचा, टाचणीचं टोक वाकवून त्याच्या पोटातून नराचं इंद्रिय न मोडता कसं ओढून काढायचं, ते स्वच्छ करून ग्लिसरिनमध्ये कसं ठेवायचं, हे त्यांनी स्वतःच्या हाताने दाखवलं. कारण वरून दोन भुंगेरे जुळ्या भावांसारखे दिसले तरी खरा निवाडा तिथेच होतो. हळदीकुंकवाला बायका विचारायच्या, "मायक्रोस्कोपखाली काय बघत्येस गो दिवसभर?" आता काय सांगणार? मी म्हणायचे, किड्यांचे पाय.

सरांचं एक वाक्य त्यांच्या सगळ्या विद्यार्थ्यांना पाठ होतं. मूळ नमुना बघितल्याशिवाय नवीन म्हणायचं नाही. जातीचं पहिलं वर्णन ज्या एका किड्यावरून केलेलं असतं, तो मूळ नमुना. पुस्तकातलं वर्णन चुकलेलं असेल, चित्र वेडंवाकडं असेल, पण तो किडा खोटं बोलत नाही. म्हणून आपला किडा त्याच्याशी ताडून बघायचा आणि मगच तोंड उघडायचं. माझ्या पहिल्या शोधनिबंधातल्या एका जातीवर त्यांनी याच कारणासाठी फुली मारली होती, आणि मी पुण्याहून घरापर्यंत डोळे पुसत आले होते. पण त्यांचं बरोबर होतं, आणि मला त्यांचा अभिमान वाटला होता.

आता भुंगेऱ्याकडे येते. गणपतीपुळ्याला जाणाऱ्या किनाऱ्याच्या रस्त्यावरून वर चढलं की एक सडा लागतो. सडा म्हणजे माथ्यावरचा नुसता कातळ, उन्हाळ्यात चटके देणारा. बाहेरच्याला ती पडीक जागा वाटते आणि सरकारी कागदावरही ती पडीकच असते. पण पावसाळ्यात त्याच्या खळग्यांत वीतभर माती आणि गवत धरतं, आणि त्या मातीत जे काय चालतं ते पाहायला डोळे जमिनीला लावावे लागतात. मी तिथे प्लास्टिकचे ग्लास कडेपर्यंत मातीत पुरायचे, तळाशी साबणाचं पाणी, वर पावसाला आडोसा म्हणून दगडांवर टेकवलेला कौलाचा तुकडा. पळणारा भुंगेरा आत पडतो. सकाळी कॉलेजच्या आधी जाऊन गोळा करायचे.

सडा ज्यांचा होता ते बागायतदार काका एकदा पाठीमागे येऊन उभे राहिले.

"काय गो बाय, हे गिलास कसले पुरून ठेवल्येस?"

"किडे पकडायला, काका."

"किडे? आमच्या गोठ्यात ये, पोतंभर देतो."

माझ्या म्हणण्यावर त्यांचा काडीचा विश्वास बसला नाही. कसल्यातरी प्रकल्पाची मोजणी चाललीय आणि ही बाई खुणा करून ठेवत्येय, असं त्यांनी मनाशी धरलं. पुढच्या खेपेला गेले तर सगळे ग्लास उपटून, विहिरीच्या पाण्याने धुऊन, एकात एक घालून कौलाखाली ठेवलेले. वर म्हणाले, "तुझं सामान हरवेल म्हणून जपून ठेवलं हो." राग गिळून मी त्यांना घरी नेलं आणि मायक्रोस्कोपमधून एक भुंगेरा दाखवला. बराच वेळ डोळा लावून बसले. "अरे, ह्याच्या पाठीवर नांगरट केल्यासारख्या रेघा हायत," म्हणाले. त्यानंतर ग्लासांना कुणी हात लावला नाही.

त्याच ग्लासात एका श्रावणात तो मिळाला. भिजवलेल्या तांदळाच्या दाण्याएवढा, काळपट, तांब्याची झाक, आणि पाठीच्या मागच्या बाजूला दोन फिकट ठिपके. ओळख पटवायला आमच्याकडे किल्ली असते, म्हणजे प्रश्नांची साखळी. रेघा इतक्या आहेत का? असतील तर पुढचा प्रश्न, नसतील तर अमुक प्रश्नावर जा. मानेच्या ढालीवर केस आहेत का? असं करत शेवटी नावाशी पोचायचं. हा माझा भुंगेरा अर्ध्या वाटेवर अडला. होही जुळेना, नाहीही जुळेना. मी पहिल्यापासून मोजलं, परत तिथेच अडले. असं होतं तेव्हा दोनच शक्यता असतात. एक तर तुम्ही कुठे चुकलात, नाहीतर हा किडा किल्ली लिहिणाऱ्याला माहीत नव्हता.

पुढच्या दोन पावसाळ्यांत मी आणखी नमुने जमवले. नर मिळाले. इंद्रिय काढलं, तर त्याचं टोक विळीच्या पात्यासारखं वळलेलं, या गटात दुसऱ्या कुणाचंच तसं नाही. चित्रं काढली. वर्णन लिहिलं. आणि लिहिता लिहिता त्या जुन्या किल्लीच्या पानाखाली बारीक अक्षरात एक तळटीप दिसली. किल्ली करणाऱ्या साहेबाने लिहिलं होतं की या गटातली आणखी एक जात कुणीतरी आधी नोंदवलेली आहे, ठिकाण 'बॉम्बे', पण तिचा नमुना मला पाहायला मिळाला नाही, म्हणून किल्लीत घेतलेली नाही. मी ते मूळ वर्णन शोधून काढलं. लॅटिनमध्ये तीन ओळी. काळा, चकाकणारा, मागे दोन ठिपके. रेघांचा उल्लेख नाही, इंद्रियाचा तर त्या काळात प्रश्नच नव्हता.

मी सरांना फोन केला. सर म्हणाले, "बॉम्बे म्हणजे मुंबई. मुंबईचा किडा वेगळा, सड्यावरचा वेगळा. कशाला घोळ घालत्येस?"

मला ते पटलं नाही. त्या काळी हा सगळा किनारा मुंबई इलाख्यातच होता, माल मुंबईहून बोटीवर चढायचा. किडा रत्नागिरीत पकडलेला असला तरी खोक्यावर मुंबईच पडणार. आणि हे मला इथे राहून कळायला नको? कुठकुठला आंबा आणून रत्नागिरीच्या पेटीत भरतात आणि रत्नागिरी हापूस म्हणून विकतात, ते आमच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पेटीवर काय लिहिलंय ते सोड, फळ हातात घेऊन बघ, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मी सरांना तसं म्हटलं. ते हसले. म्हणाले, "तुझं वर्णन मला पाठव. मी बघतो."

मी वर्णन पाठवलं, चित्रं पाठवली, त्यांच्या संस्थेत ठेवायला नमुने पाठवले. आणि ज्या युरोपातल्या संग्रहालयात तो बॉम्बेवाला मूळ नमुना असल्याची नोंद होती, तिथल्या संग्रह सांभाळणाऱ्या बाईंना ईमेल लिहिला की कृपा करून तेवढा एक किडा शोधा आणि त्याचे, नर असेल तर इंद्रियाचेही, फोटो पाठवा. त्यांचं उत्तर आलं, जुना संग्रह दुसऱ्या इमारतीत हलवतोय, वेळ लागेल. सरांना मी तसं कळवलं आणि वाट बघत बसले.

मध्ये सर रत्नागिरीला आले. जागा बघायला म्हणून आले, पण बरोबर बायको, मुलगा, सून, नातू. गणपतीपुळ्याला हॉटेल घेतलं होतं. दर्शन झालं, समुद्र झाला, आमच्याकडे जेवण झालं. मी उकडीचे मोदक केले होते. निघायच्या दिवशी सकाळी सर सड्यावर आले, बुटांना चिखल लागेल म्हणून कडेकडेने चालले, मोबाइलवर फोटो काढले आणि म्हणाले, "छान आहे हो जागा." माझ्या नवऱ्याने त्यांना आंबापोळीचा डबा बांधून दिला. संग्रहालयाच्या ईमेलचं काय झालं, असं त्यांनी विचारलं नाही आणि मलाही त्या गडबडीत विषय काढता आला नाही.

नंतर काही महिने सरांचा फोन नाही. मी केला तर म्हणायचे, चाललंय. मग एक दिवस कॉलेजच्या स्टाफरूममध्ये फोन वाजला.

"अभिनंदन!" सर म्हणाले. "ओळख बघू कशाबद्दल?"

"आलं का उत्तर संग्रहालयातून?"

"अगं ते सोड. तुझा भुंगेरा छापून आला. आणि नाव माहित्ये काय दिलंय? तुझं! तुझ्या आडनावाचा भुंगेरा झाला जगात."

खोटं कशाला बोलू, पहिल्या क्षणी मला आनंदच झाला. डोळ्यात पाणी आलं. मग त्यांनी निबंध पाठवला आणि मी तो उघडला. लेखक दोन, सर आणि त्यांचा पुण्यातला एक विद्यार्थी, ज्याने सडा कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता. वर्णन माझं, शब्द इकडेतिकडे केलेले. चित्रं माझी. सड्याचे फोटो सरांचे. शेवटी आभार मानलेले, नमुने गोळा करण्यात आणि चित्रं काढण्यात मदत केल्याबद्दल. मदत.

मी परत फोन लावला. "सर, मी लेखकांत नाहीये."

"अगं, किड्याला तुझं नाव द्यायचं म्हटल्यावर तुला लेखकांत कसं घेणार? आपणच आपल्या नावाचा किडा छापला असं होईल. बरं दिसत नाही ते."

हा संकेत खरा आहे. आमच्यात स्वतःचं नाव किड्याला देत नाहीत. नियमात तसं लिहिलेलं नाही, पण कुणी केलं तर लोक हसतात. नाव दुसऱ्याने द्यायचं, तेही मान म्हणून. म्हणजे ज्याच्या नावाचा किडा, तो लेखकांच्या रांगेतून आपोआप बाहेर. तो मान मी मागितला नव्हता. किड्याला सड्यावरून नाव द्यायचं असं मी ठरवलं होतं, तसं लिहूनही पाठवलं होतं.

"मला विचारायचं तरी होतंत."

"विचारलं असतं तर गंमत काय राहिली? आणि केरळातले एक जण याच गटावर बसलेत, त्यांनी आधी छापलं असतं म्हणजे? बरं, माझ्या प्रकल्पाचा अहवालही द्यायचा होता. तू खूश नाहीस का?"

देणाऱ्याने दिलं होतं. आता मी तक्रार केली तर कृतघ्न. एवढी पद्धतशीर लूट मी कधी बघितली नव्हती, आणि ती माझ्याच हातावर पेढा ठेवून केली होती.

घरी मात्र दिवाळी. आमचे हे बँकेतून निवृत्त झालेले, हळव्या मनाचे आणि आडनावाचे भारी अभिमानी. त्यांनी दुपारपर्यंत सगळ्या नातेवाइकांना फोटो पाठवला. "आपलं आडनाव लॅटिनमध्ये गेलं," असं दिसेल त्याला सांगत सुटले. आडनाव त्यांचं होतंच, त्यामुळे अभिनंदनही बहुतेक त्यांचंच झालं. त्यांच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघायची होती. समितीतल्या एका काकांचा फोन आला की भुंगेऱ्याची माहिती आणि रंगीत फोटो द्या, अर्धं पान ठेवलंय. त्याच कुलवृत्तांतात माझी नोंद अमक्याची पत्नी, माहेरचं आडनाव, शिक्षण, अशी दीड ओळीची आहे. मी हे बोलून दाखवलं तर नवरा म्हणाला, "तू प्रत्येक गोष्टीत खोड काढत्येस."

सत्कारही झाला. गावातल्याच एका सभागृहात, शाल, श्रीफळ, आणि भुंगेऱ्याचा मोठा फोटो चौकट करून. प्रमुख पाहुणे सर. त्यांनी माझी इतकी स्तुती केली की मागच्या रांगेतल्या माझ्या मुलीने डोळे पुसले. चिकाटी, कष्ट, संसार सांभाळून वगैरे. एक शब्द मात्र त्यांनी वापरला नाही. हिने ओळखला, असं ते एकदाही म्हणाले नाहीत. हिने आणून दिला, म्हणाले. मला दोन शब्द बोलायला सांगितलं तेव्हा मी सगळ्यांचे आभार मानले आणि खाली बसले.

संग्रहालयाचा ईमेल त्यानंतर काही आठवड्यांनी आला. त्या बाईंनी उशिराबद्दल क्षमा मागितली होती. कपाट सापडलं, किडा सापडला, आणि मी विनंती केली होती म्हणून त्यांनी त्याचं इंद्रियही काढून त्याचे फोटो जोडले होते. मी रविवारी दुपारी, भांडी आवरून झाल्यावर, ते उघडले. काळपट पाठ, तांब्याची झाक, दोन ठिपके. पुढचा फोटो उघडला, आणि त्या इंद्रियाचं टोक विळीच्या पात्यासारखं वळलेलं होतं. टाचणीखालच्या चिठ्ठीवर कुण्या कारकुनाच्या अक्षरात 'बॉम्बे'.

म्हणजे नवीन जात नव्हतीच. हा आमचा सड्यावरचाच, दीडशे वर्षांपूर्वी इथून कुठूनतरी उचललेला, मुंबईच्या खोक्यात भरून गेलेला. आमच्या शास्त्रात अशा वेळी नियम सरळ आहे. आधीचं नाव खरं, नंतरचं बाद. माझ्या आडनावाचा भुंगेरा जगात नव्हता.

मला हसू आलं, आणि ते चांगलं हसू नव्हतं. मूळ नमुना बघितल्याशिवाय नवीन म्हणायचं नाही, हे शिकवणाऱ्या माणसाने मूळ नमुना बघितला नव्हता. आणि माझं म्हणाल तर, माझा किडा नवीन असता तरी माझा नव्हता, आणि जुना निघाला तरी माझा नव्हताच.

गप्प बसणं सोपं होतं. त्या बाईंना पुढे काही विचारायचं नव्हतं. त्या गटावर काम करणारी माणसं जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आणखी पन्नास वर्षं कुणाच्या लक्षात आलं नसतं. हे मी नवऱ्याला सांगितलं, तेव्हा त्यालाही नेमकं तेच सुचलं.

"मग राहू दे की. दीडशे वर्षं कुणी बघितलं नाही, आता कोण बघतंय?"

"मी बघितलंय."

"अगं पण आपलं आडनाव तूच पुसणार? लोक काय म्हणतील? कुलवृत्तांत छापायला गेलाय."

"आडनाव तुमचं आहे," मी म्हटलं. "किडा माझा होता."

तो उठून मांडवीच्या समुद्रावर फिरायला गेला. परत आल्यावर जेवला आणि झोपला. पुढचे कितीतरी दिवस आमच्या घरात कामापुरतं बोलणं होतं. मला त्याचंही वाईट वाटलं, कारण त्याचा आनंद खोटा नव्हता.

निबंध मी एकटीने लिहिला, छोटासाच. मूळ नमुन्याचे फोटो एका बाजूला, माझे दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही एकच असल्याचं एकेक लक्षण घेऊन दाखवलेलं. संग्रहालयातल्या बाईंना मी विचारलं की तुम्ही लेखिका म्हणून याल का, किडा तुम्ही शोधलात. त्यांनी नम्रपणे नाही म्हटलं, आभार मानलेत तेवढे पुरे. हे मी विज्ञानाच्या प्रेमापोटी केलं असं कुणी म्हणालं तर म्हणू दे, मी रागाने केलं. पण त्यात एक अक्षर खोटं लिहिलं नाही, आणि सरांबद्दल वाकडा शब्द लिहिला नाही. फक्त 'मूळ नमुना तपासलेला दिसत नाही' एवढं एक वाक्य होतं. ते मी खोडलं नाही.

माझ्या एकटीच्या नावावर छापून आलेलं या भुंगेऱ्यांवरचं ते पहिलं लिखाण. आता त्या जातीच्या नावाखाली बाद झालेल्या नावांत माझं सासरचं आडनाव आहे, त्यामागे सरांचं आणि त्यांच्या विद्यार्थ्याचं, आणि खऱ्या नावामागे एका मेलेल्या साहेबाचं. माझं नाव कशाच्याच मागे नाही. कॉलेजात कुणी काही विचारलं नाही. किडा रद्द झाला म्हणजे नेमकं काय झालं, हे बहुतेकांना कळलंही नाही. कुलवृत्तांतात अर्धं पान तसंच छापलं गेलं.

सरांचा फोन आला तो निबंध निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी. मी मनाशी सगळी तयारी केली होती. ते ओरडतील, मग मी काय म्हणायचं, ते कृतघ्न म्हणतील, मग मी काय म्हणायचं. एकेक वाक्य घोटून ठेवलं होतं. पण ते ओरडले नाहीत. त्यांचा आवाज म्हातारा वाटला.

"निबंध वाचला," ते म्हणाले.

"हो."

"फोटो बघितले. बरोबर आहे तुमचं."

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"इंद्रियाचं काम फार स्वच्छ केलंय तुम्ही. बरं, ठेवतो मॅडम."

इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. रागावले तरी 'अगं', मोदक वाढताना 'अगं', लुटलं तेव्हासुद्धा 'अगं'. मी ओळखलेलं बरोबर आहे, हे जगात एका माणसाने मानावं म्हणून मी जीव टाकला होता, तो माणूस हाच होता. आणि त्याने ते मानलं, परक्या बाईला मानावं तसं.

फोन हातात धरून मी स्टाफरूमच्या खिडकीशी उभी राहिले आणि रडले. पुढच्या तासाची घंटा झाली. चेहरा धुतला आणि वर्गावर गेले.